व्हर्नाबाईंची पत्रं आणि कांद्याची माळ

पैज लागली ती चिमाजीकाकांच्या पिठाच्या गिरणीसमोर, ओट्यावर. आणि लागली ती एका मेलेल्या अमेरिकन बाईवरून. नाशिकजवळच्या मखमलाबादच्या फुलमळ्यांतल्या माणसांचा अमेरिकेशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध होता, आणि चांगला बावीस वर्षांचा होता.

झालं होतं असं, की बासष्ट साली पैज लावणाऱ्या सुवर्णाच्या आजोबांना, म्हणजे धोंडीरामांना, हार गुंडाळायला आणलेल्या रद्दीत एक इंग्रजी कादंबरी सापडली. मॅट्रिक झालेला माणूस, डिक्शनरी घेऊन हिवाळाभर वाचत बसला. लिहिणारी बाई व्हर्ना होल्कम. आयडाहो नावाच्या राज्यातली. ती लिहायची ते फक्त आपल्या खोऱ्यातल्या कांदेवाल्या शेतकऱ्यांवर. आजोबांनी पुस्तक मिटलं आणि थेट बाईंना पत्र टाकलं, 'तुमच्या नायिकेनं कांद्याचं रोप लावलेलं कुठं दिसलं नाही. मग कांदा आला कसा?' दोन महिन्यांनी उत्तर आलं, 'आमच्याकडे रोप लावत नाहीत, बी थेट शेतात पेरतात. माझी नायिका निर्दोष आहे.'

तिथून जे सुरू झालं ते आजोबा चौऱ्याऐंशी साली गेले तेव्हाच थांबलं.

आता, अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर, तिकडच्या एका कॉलेजनं बाईंचे सगळे कागद जपायला घेतले होते. त्यात आजोबांची पत्रं निघाली. बाईंची पत्रं मात्र नाशकात, सुवर्णाच्या घरी, पत्र्याच्या पेटीत. त्यांची यादी करायला आणि झेरॉक्स काढायला पुण्याहून माणूस येणार होता.

"बावीस वर्षं एक बाई एका बाप्याला नुसत्या कांद्याबद्दल लिहिती?" चिमाजीकाका मिशीवरचं पीठ झटकत म्हणाले. "सुवर्णे, माझे केस पिठानं पांढरे झालेत, पण मी अगदीच येडा नाय."

सुवर्णाचं डोकं फिरलं. चोवीस वर्षांची, बी. कॉम. झालेली, पहाटे बापाबरोबर टेम्पोतून फूलबाजारात जाऊन अडत्यांशी भांडणारी पोरगी ती. आजोबांच्या नावावर कुणी डोळा मिचकावला की संपलं.

"काका, बाई आणि बाप्या वर्षानुवर्षं कागदात डोकं घालून कांद्याचं बोलू शकतात, आणि कुणाच्याच मनात काही येत नाही. लावा पैज."

"लावली. प्रेमाचं एक अक्षर निघालं तर तू हरली."

पंच म्हणून कुसाबाई मावशी पुढे सरसावल्या. त्यांच्याशिवाय या वस्तीत पाळण्यातल्या पोराचं नावसुद्धा ठरत नसे. "हरेल त्यानं गळ्यात कांद्याची माळ घालून मारुतीच्या देवळाला फेरी मारायची. एक. सगळ्यांदेखत."

त्या वर्षी कांदा इतका महाग झाला होता, की लोक फोडणी देताना दाराला कडी लावायचे. त्यामुळे शिक्षा मोठीच होती.

अमेरिकेच्या कॉलेजचा माणूस म्हणून सगळे गोऱ्या साहेबाची वाट बघत होते. आला तो सावळा, काटकुळा, नामपूरचा सार्थक. पुण्यात ग्रंथालयाचं शिकलेला. सिटी बसमधून उतरला तो शेवंतीच्या ढिगामागे बसून हार ओवणाऱ्या सुवर्णासमोरच.

"ताई, धोंडीरामांचं घर..."

"ताई म्हणालात तर पुढच्या गल्लीत आहे," सुवर्णा मान वर न करता म्हणाली. "नाही म्हणालात तर हेच."

त्यानं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "हेच बरं पडेल."

आता तिनं मान वर केली.

त्याच्या पिशवीत सहा पेन्सिली आणि कागदावरची धूळ झटकायला एक रंगवायचा ब्रश निघाला. पेन नव्हतंच. शाई सांडली तर कागद गेला, म्हणे.

"आणि चहा?"

"चहा त्याहून वाईट."

"मग चहाला दर वेळी उठून ओट्यावर यावं लागेल. तिथं मी असते, चालेल ना?"

"न चालून... सांगतो कुणाला."

पेटी उघडली आणि सार्थक पुण्याचं सगळं शिक्षण विसरून घरच्या अहिराणीवर आला. "काय शे हे?"

पत्रांच्या पुड्या होत्या. एकूणएक पत्राची पुडी, वर दोरा.

"बी आहे. झेंडूचं, शेवंतीचं, मेथीचं," सुवर्णा म्हणाली. "आजीचं काम. घरात जाड कागद तेवढाच, अमेरिकेचा. थांबा, ओतून देते..."

तिनं पुडी उचलली आणि सार्थकनं तिचं मनगट धरलं.

"ओतू नका. ज्यानं जसं ठेवलं तसंच ठेवायचं. त्याचा क्रम मोडायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम."

"बरं. आणि मनगट सोडायचा नियम कितवा?"

त्यानं असं सोडलं, जणू विस्तवाला हात लागलाय. मग खाली मान घालून पेन्सिलीनं लिहिलं, 'पत्र पहिलं. दोन पानं. आत झेंडूचं बी, चमचाभर.' कान मात्र लाल झाले होते, ते काही यादीत आलं नाही.

आजीनं पुड्या लावल्या होत्या त्या पेरणीच्या हिशेबानं. त्यामुळे एकोणऐंशीच्या पत्राला त्रेसष्टचं पत्र चिकटलेलं. आजोबांच्या पत्रांच्या झेरॉक्स सार्थकनं आणल्या होत्या, त्या तारखेवार. पुडी उघडून वाचली की बीसकट परत तशीच बांधायची, असं ठरलं. मग रोज एकच काम. तो आजोबांचं पत्र वाचायचा, ती बाईंचं उत्तर शोधायची. इंग्रजीचं मराठी करत दोघं समोरासमोर बसायची. तो धोंडीराम, ती व्हर्नाबाई.

"'मॅडम, यंदा थंडी उशिरा आली. शेवंती रुसून बसली आहे.'"

तिनं चार पुड्या उलगडून उत्तर काढलं. "'श्री. धोंडीराम, इथे गुडघाभर बर्फ आहे. शेवंती रुसते म्हणजे काय करते, ते कळवा.'"

सार्थकनं पुढचा कागद उचलला नाही. "कळवा ना," तो म्हणाला.

"काय?"

"रुसते म्हणजे काय करते?"

"कळी धरते... पण उघडत नाही."

"कुठपर्यंत?"

"कुणी नीट विचारपूस करेपर्यंत," ती म्हणाली, आणि पुढच्या तीन पुड्या उगाच चुकीच्या उघडल्या.

एका दुपारी त्यानं शहात्तरचं पत्र वाचलं. "'माझी नात दोन वर्षांची आहे. आज तिने वाफ्यातली सगळी रोपं उपटली आणि परत लावली, मुळं वर करून. तुमची नायिका हिच्यापेक्षा बरी.'"

सुवर्णा खळखळून हसली, आणि हसता हसता तिनं हातातली पुडी खाली ठेवली. आजोबा गेले तेव्हा ती दहा वर्षांची होती. त्यांचा आवाजही आता नीट आठवत नव्हता. आणि तोच आवाज आता असा, समोर बसून, कानावर पेन्सिल खोचून बोलत होता.

सार्थकनं ती झेरॉक्स तिच्याकडे सरकवली. "ठेवा. कॉलेजकडून मी दुसरी मागवतो."

"तुमचा क्रम मोडेल."

"मोडू दे."

मधेच एकदा अवकाळी सर आली. कागद ओसरीवर. सार्थक पेटीवर पालथा पडला आणि सुवर्णा त्याच्यावर गोणपाट धरून उभी राहिली. मातीचा वास, ओल्या झेंडूचा वास, गोणपाटातून टपटप गळणारं पाणी... पाऊस पाच मिनिटांत गेला. गोणपाट तसंच. सुलाबाई, म्हणजे सुवर्णाची आई, आतून म्हणाली, "उघडलंय गं केव्हाचं." तेव्हा कुठं दोघांच्या लक्षात आलं.

कॉलेजनं आठ दिवस दिले होते. लागले तीन आठवडे. आजीच्या क्रमामुळे, असं सार्थक सगळ्यांना सांगायचा. कुसाबाई मावशी मान डोलवायच्या आणि चिमाजीकाकांकडे बघायच्या.

शेवटच्या शनिवारी सकाळी गिरणीसमोर सगळी वस्ती जमली. सार्थकची पिशवी भरलेली होती, दुपारची पुण्याची गाडी होती. कुसाबाई मावशींच्या हातात कांद्याची माळ तयार. चांगले टपोरे, लाल, अकरा.

"एकशे अकरा पत्रं," सार्थकनं सांगितलं. "कांदा, शेवंती, थंडी, बर्फ. प्रेमाचं अक्षर एकसुद्धा नाही. शेवटच्या पत्रात बाईंनी विचारलंय, काढलेला कांदा किती दिवस सुकवायचा."

लोक हसले. चिमाजीकाका खिलाडू माणूस. टोपी काढली, मिशीला पीळ दिला आणि मान पुढे केली. "घाला. निदान आज कांदा माझ्या गळ्यात पडला, घरच्यांना तेवढंच समाधान."

सार्थक बाजूला उभा होता. कालपासून चार वेळा तो "एक सांगायचं होतं..." म्हणाला होता, आणि चारही वेळा झेरॉक्सच्या गठ्ठ्याचं काहीतरी सांगून पेन्सिलीला टोक करत बसला होता. आत्ताही तो आपल्या चपलेकडे बघत होता. सुवर्णानं ओळखलं, हा असाच जाणार. पुण्याहून एक पत्र टाकेल, त्यातही कांदाच असेल.

आजोबांचं नाव तर स्वच्छ राहिलं होतं. पैज ती जिंकली होती. आता गप्प बसलं की झालं.

"थांबा काका," ती म्हणाली.

माळ काकांच्या कानापर्यंत आली होती.

"आजोबांचं काही नाही निघालं, ते खरं. पण मी काय म्हणाले होते? बाई आणि बाप्या कागदात डोकं घालून कांद्याचं बोलले, तर कुणाच्याच मनात काही येत नाही. असंच म्हणाले होते ना मावशी?"

"अगदी असंच," कुसाबाई मावशी म्हणाल्या. त्यांचा चेहरा हळूहळू उजळायला लागला.

"मग मी हरले."

गिरणीचा पट्टासुद्धा थांबल्यासारखा वाटला. टेम्पोच्या दारात उभे असलेले तिचे वडील गोटीराम आधी लेकीकडे, मग सार्थककडे बघत राहिले. मग टेम्पोचं दार लावून खाली उतरले आणि बाजूला उभे राहिले. वाट मोकळी झाली.

सुवर्णानं माळ मावशींच्या हातातून घेतली, स्वतःच्या गळ्यात घातली आणि चालायला लागली. कांद्याची टरफलं चुरचुर वाजत होती. मागं बघायची हिंमत नव्हती, म्हणून ती देवळाकडेच बघत राहिली.

पाठीमागून धावत पावलं आली. मानेवरचं ओझं अचानक हलकं झालं. सार्थकनं मागून माळ उचलून धरली होती.

"जड आहे," तो म्हणाला. "अर्धी मला दे. मी पहिल्याच दिवशी हरलोय... ताई म्हणू नका म्हणालीस, तेव्हाच."

"मग तीन आठवडे काय करत होतास?"

"पेन्सिलीला टोक."

मागून कुसाबाई मावशींचा आवाज आला, "पंचाचं ऐका. हरणारे दोघं निघाले, तेव्हा फेऱ्याही दोन."

चिमाजीकाकांनी टोपी परत डोक्यावर ठेवली, आणि सगळी वस्ती देवळाच्या पायऱ्यांवर बसून मोजायला लागली. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसरी कुणी सांगितली नव्हती. ती दोघांनी आपणहून मारली.