गीताला न्यायला कोणी आलं नाही

विश्वास ठेवायचा तर ठेवा. शोभाकाकू खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. आणि हे सांगताना त्यांच्यात तिखटमीठ लावायची ताकदही नव्हती.

हैदराबाद, नल्लकुंटा. गेल्या मार्चमधली भर दुपार.

त्यांची नणंद मनकर्णा, म्हणजे आक्का, बावीस वर्षं मनोरुग्णालयात होती. "आता बऱ्या झालेल्यांना वॉर्डात ठेवायचं नाही. तुम्ही घरी सांभाळा, आम्ही येऊन बघत जाऊ," असं सांगून त्याआधीच्या डिसेंबरात तिला घरी पाठवलं.

नर्स रोशनी महिन्यातून एकदा यायची. बाकीचे दिवस काकूंचे.

गोळ्या, अंघोळ, जेवण, परत गोळ्या... पाठ टेकायला सवड नाही.

आक्का तशी शांत होती. फक्त पलंगाच्या अगदी कडेला, अंग चोरून झोपायची.

"नीट झोपा की, आक्का."

"गीता पडंल ना मग."

आजार आहे, चालायचंच, म्हणून काकूंनी सोडून दिलं.

मग खोकला ऐकू यायला लागला. कोरडा. दोनदाच.

आक्का समोर बसून जेवत असायची... आणि खोकला आतल्या खोलीतून.

रोशनी आली तेव्हा काकूंनी सहज विचारल्यासारखं केलं. "ही गीता कोण गं?"

रोशनीचा लिहिता हात थांबला. "आक्कांच्या शेजारच्या बेडवरची. तिलाही घरी सोडायचं ठरलं होतं. न्यायला कोणी आलंच नाही... नोव्हेंबरात वारली. का हो?"

"काही नाही."

खरं सांगितलं असतं, तर आक्काच्या गोळ्या वाढल्या असत्या. कदाचित परत वॉर्डच.

पुढच्या मंगळवारी दुपारी काकूंचे पती किशनराव आक्काला तपासणीला घेऊन गेले. घरात काकू एकट्या. जेवण तसंच ठेवून त्या आक्काच्या पलंगावर आडव्या झाल्या.

डोळा लागणार, तोच...

पाठीमागे गादी दबली.

खोकला. दोनदा.

मग अगदी कानाशी, दमलेला आवाज...

"अम्मा, मेरेकू लेने कोई आया क्या?"

काकू ओरडल्या नाहीत. तेवढंही त्राण नव्हतं. भिंतीकडे तोंड करूनच त्या म्हणाल्या, "हौ, आते. सो जाओ."

गादी हलकी झाली.

तेव्हापासून आक्का गीताचं नाव काढत नाही. रोशनी खूश आहे. "घरची माणसं मिळाली की पेशंट सुधारतोच, काकू."



पण दारावरची बेल वाजली, की त्या उठायच्या आधीच... आतून कोणीतरी अनवाणी पळत दाराशी जातं.

काकू दार उघडतात. कधी कुरिअरवाला, कधी शेजारीण.

मागे कोणीतरी हळूच श्वास सोडतं...

आणि पावलं परत आत जातात.

काकू अजून एकदाही मागे वळलेल्या नाहीत.