हॅझलकोटची थोरली

हे मी रचून सांगत नाहीये. रचायचं असतं, तर शेवट तरी धड केला असता.

मी लॉर्ना. हेरफर्डशायरमधल्या हॅझलकोटची. गावात एक चर्च, एक पब आणि एक दुकान. त्या दुकानात काउंटरवर असते ती मीच. आणि दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवायला जाते.

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट.

आमच्या मनोऱ्यात सहा घंटा. प्रत्येकीला एक दोर, एक माणूस. सगळ्यांत मोठी ती थोरली. ती विल्फ टॅपर वाजवायचा. उभ्या जन्मात त्याने दुसऱ्या कुणाला तिच्या दोराला हात लावू दिला नाही.

सप्टेंबरात विल्फ गेला. झोपेतच.

अंत्यविधी झाल्यावर आमच्या म्होरक्याने, क्लाइव्हने, थोरलीचा दोर गुंडाळला आणि उंच खुंटीला घट्ट बांधून टाकला. तेव्हापासून आम्ही पाचच घंटा वाजवायचो.

त्या गुरुवारी सराव संपवून नेहमीसारखे पबमध्ये बसलो होतो. एवढ्यात पार्जिटर आमच्या टेबलाशी आले. जुन्या शाळेची इमारत विकत घेऊन नुकतेच राहायला आलेले गृहस्थ.

"तुमच्या घंटांबद्दल जरा बोलायचं होतं," ते म्हणाले.

क्लाइव्हने डोळे मिटले. "आलं! अहो, तुमच्या आधी चारशे वर्षं आहेत त्या तिथे."

"तक्रार नाही हो. सहा घंटा वाजतात तोवर छानच वाटतं. पण तुम्ही थांबल्यावर ती मोठी एकटीच का वाजत राहते?"



मग क्लाइव्ह हसला. "आमच्या आधीच दोन ग्लास झालेले दिसतायत तुमचे!"

पण काउंटरमागून मॉरीन, पबची मालकीण, म्हणाली, "मीही ऐकते की. मला वाटलं, विल्फच्या जागी तुम्हाला कुणीतरी मिळालं."

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

आत, मनोऱ्यात... आम्ही पाचच ऐकल्या होत्या.

पुढच्या गुरुवारी मी खांदा दुखतोय अशी थाप मारली आणि बाहेर थांबले. चर्चच्या आवाराला लागूनच विल्फचं घर. त्याची बायको एनिड दारातच उभी होती. अंगावर शाल, हातात चहाचा कप.

"ये गं," ती म्हणाली. "आता सुरू होईल."

मनोऱ्याच्या खिडकीत दिवा लागला. घंटा सुरू झाल्या. माझी सोडून चार. धाकटीपासून एकेक ठोका, खाली उतरत जाणारा.

एक, दोन, तीन, चार...

आणि मग...

एक जड, खोल ठोका. पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटली.

थोरली.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. एनिड मात्र शांत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"माझा विल्फ गं," ती हळूच म्हणाली. "मी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, म्हातारीला वेड लागलं म्हणतील."



थोड्या वेळाने चार घंटा थांबल्या. खिडकीतला दिवा विझला. चौघं बाहेर आले. क्लाइव्हने दाराला कुलूप लावलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

थोरली वाजतच होती.

मी धावत फाटक ओलांडून आवारात गेले.

आणि आवाज बंद.

एकदम. कुणीतरी कानांवर हात ठेवावेत तसा.

"क्लाइव्ह, तुला ऐकू येतंय?"

"काय?"

मी दोन पावलं मागे आले. फाटकाबाहेर. थोरली दणदणत होती. पुन्हा आत... शांत. थडग्यांवरची पानंसुद्धा हलत नव्हती.

मी क्लाइव्हला दंडाला धरून बाहेर ओढलं. त्याने ऐकलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण माणूस हट्टी. "वारा असेल," एवढंच म्हणाला आणि घरी गेला.

वारा नव्हता.

खरं सांगायचं तर, तेव्हा माझी भीती थोडी कमीच झाली होती. विल्फच असेल, तर असू दे. त्याने कधी कुणाचं वाईट केलं नव्हतं.

मग तो रविवार आला.

ख्रिसमसला सहाही घंटा वाजायला हव्यात, असं गावात सगळ्यांचं म्हणणं. गावच्या शाळेतली तरुण शिक्षिका, केझाया, शिकायला तयार झाली. प्रार्थना संपल्यावर तिला थोरलीशी ओळख करून द्यायचं ठरलं. भर दुपारी, स्वच्छ उजेडात.

एक गोष्ट सांगायला हवी. घंटा तोंड खाली करून ठेवली, की ती गरीब गाय. पण तोंड वर करून उभी ठेवली, की नुसता दोर ओढायचा अवकाश. ते सगळं धूड गरकन फिरतं आणि बेसावध माणसाला दोरासकट उचलून छतावर आपटतं. माणसं मेलीयत अशी.

क्लाइव्हने खुंटीवरचा दोर सोडला. गाठ त्याचीच होती, जशीच्या तशी.

"घाबरू नकोस," तो केझायाला म्हणाला. "मीच हिला तोंड खाली करून ठेवलंय. नुसता हळूच ओढ, वजनाचा अंदाज घे."

केझायाने हसत हात चोळले. दोर धरला.

तेवढ्यात...

खाली दार धाडकन उघडलं. जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज. आणि किंकाळी...

"सोड! अगं सोड तो दोर!"

एनिड होती. पायात घरातल्या सपाता, केस सुटलेले. तिने केझायाला अक्षरशः ढकलून दिलं.

"ती उभी आहे! मी ऐकलं आत्ता! ठोक्यांतलं अंतर वाढत गेलं... घंटा झुलवत उभी करताना वाढतं तसं... आणि मग थांबलं!"

"एनिड, आम्ही इथेच आहोत," क्लाइव्ह म्हणाला. "कुणी हातसुद्धा लावला नाही."

"वर जाऊन बघ!"

तो शिडी चढून वर गेला. वर त्याच्या पावलांचा आवाज आला. 

खाली आल्यावर तो दोरापासून लांबच उभा राहिला.

"तोंड वर आहे," तो म्हणाला.

केझाया मटकन खाली बसली.

"आणि..." क्लाइव्ह थांबला. "घंटेबरोबर फिरणाऱ्या चाकावर कोळ्याचं जाळं आहे. भिंतीपासून चाकापर्यंत. एक धागासुद्धा तुटलेला नाही."

मी एनिडकडे बघितलं. वाटलं, नवऱ्याच्या वतीने माफी मागेल. म्हणेल, विल्फला आवडत नाही गं, कुणी हात लावलेला.

 पण दोन महिन्यांत पहिल्यांदाच मी तिला घाबरलेलं पाहिलं.

"विल्फ कधीच घंटा उभी ठेवून गेला नाही," ती म्हणाली. "घरी जेवण थंड होत असलं तरी खाली आणूनच यायचा. चाळीस वर्षांत एकदाही नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग मी दर गुरुवारी दारात उभं राहून..." तिने दोराकडे बघितलं. "लॉर्ना, मी त्याच्याशी बोलायचे गं. शुभ रात्री म्हणायचे. ते कुणाला म्हणत होते मी?"

त्याच आठवड्यात ती मुलीकडे राहायला गेली. तिच्या घराचे पडदे अजून ओढलेलेच आहेत.

बाहेरगावच्या कारागिरांनी येऊन थोरलीचं तोंड पुन्हा खाली केलं आणि तिचा दोर काढून नेला. आता तिथे छताला नुसतं दोराचं भोक आहे. केझाया चर्चमध्ये येते, पण मनोऱ्याच्या दाराजवळ बसत नाही.

ख्रिसमसला आम्ही पाच घंटा वाजवल्या. बाहेर आलो, तर सगळं गाव फाटकाशी उभं. पार्जिटरसुद्धा होते. चेहरे विचित्र झालेले. मॉरीन पुढे आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "लॉर्ना, आज तर थोरली..."

"थंडी फार आहे," मी म्हणाले. "आत चला सगळे."

तिला मी वाक्य पुरं करू दिलं नाही.

अजूनही देत नाही.