तिसऱ्या गाण्याची खरखर

भर दुपारी जेवायला घरी निघालेली ती रस्त्यापलीकडच्या रेकॉर्डवाल्याच्या छपराखाली थांबली, ते काही ठरवून नव्हे. आत कसलंसं गाणं चालू होतं. तो काउंटरमागून उठला, एक स्टूल बाहेर आणून ठेवलं आणि परत जागेवर जाऊन बसला. गाणं संपेपर्यंत ती बसली... मग मानेनंच आभार मानून निघून गेली.

ओळख झाली ती अशी. ती समोरच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. तो तिला दर शनिवारी उन्हाळ्यात ऐकायचा एक अल्बम घरी न्यायला द्यायचा. हा सकाळी ऐका, फरशी ओली असताना. हा पंखा बंद करून, घाम आला तरी चालेल. कव्हर शर्टाच्या बाहीनं पुसून पुढे करायचा आणि क्षणभर सोडायचाच नाही.

"देताय ना?" ती विचारायची.

"तुम्ही नीट ओढतच नाही," तो म्हणायचा.

घरी वहिनीला कळायला वेळ लागला नाही. वन्सं गाणी ऐकतायत की गाणी देणाऱ्याला, असं ती भाजी चिरता चिरता विचारायची, आणि वन्सं प्लेअरचा आवाज वाढवायच्या.

सगळं छान होतं, पण संध्याकाळी त्याच्या दुकानात शाळेत नाच शिकवणाऱ्या एक बाई यायला लागल्या. उंच, हसऱ्या, वेणी थेट कमरेपर्यंत. डोळे तपासायला आलेल्या आजोबांना खालची ओळ वाचायला सांगताना हिची नजर काचेपलीकडे. आजोबांना तिनं दोनदा चुकीचं भिंग लावलं. पोरी, मला दिसत नाही की तुला, असं शेवटी त्यांनीच विचारलं.

त्याच आठवड्यातल्या अल्बमचं तिसरं गाणं खरखरत होतं. बाकी सगळी स्वच्छ. तिनं रेकॉर्ड खिडकीशी तिरकी धरली. चकचकीत काळ्या चकतीवर एकच पट्टा राखाडी पडलेला. भिंगातून पाहिलं, तर तेवढ्याच खाचांच्या कडा झिजलेल्या. ओरखडा अपघातानं पडतो. ही झीज कोणीतरी मन लावून केली होती. बरोबर त्याच गाण्यावर सुई ठेवून, पुन्हा पुन्हा. आणि गाणं होतं कोणाची तरी वाट पाहण्याचं.

कोणाची, हे तिला विचारावं लागलं नाही. डोळ्यांसमोर वेणी आली आणि रात्रभर हलत राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई बाहेर पडल्या, तशी ती आत शिरली.

"तुमची रेकॉर्ड खराब आहे. तिसरं गाणं कोणीतरी झिजवलंय."

"कोणीतरी नाही," तो म्हणाला, "मीच."

तिनं रेकॉर्ड काउंटरवर ठेवली.

"नशीबवान आहेत तुमच्या बाई."

"माझ्या?" तो गोंधळून दाराकडे बघायला लागला. बाई शाळेच्या कार्यक्रमासाठी संगीत शोधत होत्या, आणि एकही ताल त्यांच्या पसंतीला उतरत नव्हता. त्यांना येताना पाहिलं की तो हल्ली मागच्या खोलीत लपायचा.

"मग ते गाणं कोणासाठी?"

त्याचे कान लाल झाले.

"दुपारी तुम्ही समोरून जाता ना... तेव्हा लावायचो. त्या दिवशी हे ऐकून थांबला होतात. म्हटलं, परत थांबाल. नाहीच थांबलात. शेवटी रेकॉर्डच दिली. म्हटलं, घरी ऐकून तरी आठवेल."

तिला आठवत होतं ते फक्त ऊन, आणि चपलेतून भाजणारे तळवे. गाणं आठवलं असं म्हणून वेळ मारून नेता आली असती, पण खोटं बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"मी सावलीसाठी थांबले होते," ती हळूच म्हणाली. "गाण्याकडे माझं लक्षही नव्हतं."

त्यानं प्लेअरकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"म्हणजे एवढे दिवस मी... उन्हाला गाणं ऐकवत होतो?"

तिला हसू आवरेना. रात्रभर जिच्या नावानं बोटं मोडली, ती ती स्वतःच निघाली होती.

बाहेर ऊन केव्हाच उतरलं होतं. सावलीची कोणालाच गरज नव्हती. तिनं स्टूल उचललं, छपराखाली नेऊन ठेवलं आणि त्यावर ऐसपैस बसली.

"लाव आता," ती म्हणाली.

सुई हातात धरून तो तसाच थांबला.

"काय म्हणालात?"

"ऐकू आलंय तुला."

आणि खरखर सुरू झाली.