साडेतीनचा ठोका

हे खरं घडलेलं आहे. वाचून झाल्यावर मला वेड्यात काढलंत तरी चालेल, पण रचलेलं म्हणू नका. रचायचंच असतं तर मी स्वतःला जरा बऱ्या जागी बसवलं असतं.

रात्र नव्हती. वाराही सुटला नव्हता. रविवार, दुपारचे तीन वाजून गेलेले. दुसरा मजला, खिडकीतून भरपूर ऊन, आणि खाली कुणीतरी पाईप लावून गाडी धूत होतं.

जागा म्हणजे माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचं घर.

दादाचं चष्म्याचं दुकान आहे. पण त्याचा जीव अडकलेला असायचा जुन्या ऑडिओ सामानात. तीन टर्नटेबल, व्हॉल्व्हचे दोन अँप्लिफायर, आणि कपाटाएवढे दोन स्पीकर. मागची खोली त्या सामानानंच भरली होती. तिला आम्ही गाण्याची खोली म्हणायचो.

वहिनी म्हणायची, "दिवसभर लोकांचे डोळे तपासतात आणि घरी आले की स्वतःचे कान."

खरंच त्याचे कान विलक्षण होते. रेकॉर्ड लागली की तो डोळे मिटायचा आणि बोट दाखवून सांगायचा, व्हायोलिनवाला इथे बसलाय, तबलजी त्याच्या मागे दोन हातांवर. मला त्यातलं काही दिसायचं नाही. मी आपला "हो रे" म्हणायचो. बायको, भाऊ, डॉक्टर, कुणावर नसेल एवढा त्याचा विश्वास त्या कानांवर होता.

त्या रविवारी त्यानं मला बोलावलं ते वायरी लावायला. मी लिफ्टचा मेकॅनिक आहे. रोज शेकडो माणसं माझ्या वायरींच्या भरवशावर वर-खाली करतात.

त्यानं स्पूलचा टेपरेकॉर्डर आणला होता. दोन मोठी चाकं, पुढे जाड बटणं, वजन असं की जिन्यात आम्ही दोनदा टेकलो. ज्या जुन्या सामानवाल्याकडून घेतला, त्याच्याकडेच रेकॉर्डिंगच्या लाल बटणावर कापडी चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

"ते बटण अडकतं," तो म्हणाला होता. "ऐकायला घ्या. छान वाजतो."

आता दादासारख्या माणसाला यंत्रातलं एक बटण बंद आहे म्हणून सांगितलं, तर तो काय करणार? घरी आल्या आल्या त्यानं ती पट्टी सोलून काढली.

बटण मुळीच अडकत नव्हतं...

आता खोल्यांची रचना नीट लक्षात घ्या. गाण्याच्या खोलीचं दार हॉलमध्ये उघडतं. दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक स्पीकर. ऐकणारा बसतो तो हॉलकडे तोंड करून. त्याच्या डाव्या हाताला, पलीकडे हॉलमध्ये, घराचं मुख्य दार. उजव्या हाताला स्वयंपाकघराचं दार, आणि त्यावर भिंतीवरचं ठोक्यांचं घड्याळ.

माईक आणि स्पीकर एकाच खोलीत ठेवले की शिट्टी घुमते. म्हणून दोन माईक आम्ही हॉलमध्ये लावले, एक डावीकडे, एक उजवीकडे. स्पीकरच्या वायरी मी जोडल्या. दोन्ही एकसारख्या करड्या, खुणेविना.

या लोकांची एक रीत असते. माईक लावले की आधी डाव्या माईकला नखानं खरवडायचं. आवाज डाव्याच स्पीकरमधून आला पाहिजे. मगच पुढचं काम.

दादानं विचारलं, "डावं-उजवं बघितलंस?"

मी म्हटलं, "हो."

वहिनी नर्स होती. चारची ड्युटी होती तिची. गणवेश घालून, केसांची वेणी घालता घालता ती हॉलच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"काय बोलू? मला वीस मिनिटांत निघायचंय हं."

"टाळी वाजव," दादा म्हणाला.

त्या यंत्राला तीन हेड असतात. एक पुसतं, एक लिहितं, एक वाचतं. टेप आधी लिहिणाऱ्यापुढून जाते, मग वाचणाऱ्यापुढून. त्यामुळे टाळी वाजली की क्षणभरानं तीच टाळी स्पीकरमधून येते. नंतर येते. हे विसरू नका.

दादानं लाल बटण दाबलं. चाकं फिरायला लागली.

अर्धवट उघड्या दारातून मला वहिनी दिसत होती. तिनं दोन्ही हात वर केले...

स्पीकरमधून टाळी आली.

आणि मग तिचे हात एकमेकांवर आपटले.

मी दादाकडे बघितलं. तो हसत होता, पण तोंड जरा उघडंच राहिलं होतं.

"परत," तो म्हणाला.

परत तेच. या वेळी मध्ये चांगले दोन सेकंद गेले. वहिनी खोकली, तो खोकला आम्ही पाच सेकंद आधी ऐकला. ती हसत म्हणाली, "तुमच्या दोघांचे चेहरे का पडलेत?" हे वाक्य, तिच्या हसण्यासकट, आम्ही आधीच ऐकलेलं होतं.

अंतर वाढत होतं...

कुणीही शहाण्या माणसानं प्लग उपटला असता. पण दादानं काय केलं सांगू? त्यानं बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि आवाज आणखी स्वच्छ यावा म्हणून हेडचा स्क्रू अर्धा आटा फिरवला. आणि मीही टॉर्च धरून उभा राहिलो. शौक माणसाला इतका आंधळा करतो, मला त्याची आजही लाज वाटते.

आवाज काचेसारखा स्वच्छ झाला. हॉलमधल्या घड्याळाची टिकटिकसुद्धा येऊ लागली.

मग त्यातून घड्याळाचा ठोका आला. एकच. साडेतीनचा.

मी मनगटावर बघितलं. तीन अठ्ठावीस.

ठोक्यानंतर एका पुरुषाचा आवाज आला. घुसमटलेला, घोगरा.

"माझ्याकडे ये..."

मग पावलं. ओढाताण. आणि वहिनीची किंकाळी. अशी किंकाळी मी कधी ऐकली नव्हती, आणि तरी ती तिचीच होती हे लगेच कळलं.

मग धप्प.

ओल्या पोत्यावर लाकूड मारावं तसा आवाज. एक... दोन... तीन... चौथ्याला काहीतरी कडाडून मोडलं. किंकाळी थांबली. फटके थांबले नाहीत. पाच... सहा... सात.

मग काहीच नाही. फक्त टिकटिक.

दारातून मला वहिनी दिसत होती. ती मुख्य दाराजवळच्या बाकावर बसून चपलेचा पट्टा लावत होती. अगदी धडधाकट. गुणगुणतही होती.

दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण डोळे मिटलेले होते. तो रेकॉर्ड ऐकायचा तसाच ऐकत होता.

"डावीकडे," तो म्हणाला. "सगळं डावीकडे झालं. मुख्य दारापाशी. कुणीतरी दारातून येणार आहे."

आणि तो धावला.

"दार उघडू नकोस!"

वहिनी उठून उभी राहिली. तिचा हात कडीवर होता. अजून एक सेकंद मिळाला असता तर ती बाहेर गेली असती.

"अहो, काय झालं?"

"तिथून बाजूला हो. आधी तिथून हो."

दादा हॉल ओलांडून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. मुख्य दारापासून सगळ्यात लांबची जागा तीच. त्यानं दोन्ही हात पुढे केले.

मी मात्र गाण्याच्या खोलीतच होतो. स्पीकरसमोर.

टिकटिक... टिकटिक...

डाव्या स्पीकरमधून येत होती.

घड्याळ तर उजवीकडे आहे. स्वयंपाकघराच्या दारावर.

वायरी मी उलट्या जोडल्या होत्या. म्हणजे जे डावीकडे ऐकू आलं, ते उजवीकडे घडणार होतं. दादा उभा होता तिथे.

मी तोंड उघडलं. ओरडायला एवढंच पुरलं असतं, दादा, उलटं आहे. तीन शब्द.

पण यंत्रातून जे ऐकलं, त्यात माझा आवाज नव्हता.

आणि माझ्या घशातून आवाज फुटला नाही.

घड्याळानं ठोका दिला.

दादा म्हणाला, "माझ्याकडे ये..." घुसमटलेला, घोगरा.

मी तो आवाज ओळखायला हवा होता. माझ्या भावाचा आवाज.

वहिनी त्याच्याकडे धावली. नवऱ्याकडेच धावली ती. तिनं त्याचे दोन्ही हात धरले, आणि तिची वेणी मागच्या मागे सरळ वर उचलली गेली...

मागे कुणी नव्हतं. ऊन होतं, भिंत होती. वेणी ताठ झाली होती आणि वहिनीच्या टाचा जमिनीवरून सुटल्या होत्या.

ती किंचाळली.

तिचं डोकं स्वयंपाकघराच्या चौकटीवर आपटलं. एक. दादानं तिचे हात सोडले नाहीत, तो तिला पूर्ण ताकदीनं ओढत होता. दोन. चौकटीचा रंग लाल झाला. तीन. दादाची मनगटं कुणीतरी पिरगाळल्यासारखी वळायला लागली, आणि चौथ्या फटक्याला जे कडाडून मोडलं ते तिचं होतं की त्याचं, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याचे पंजे लोंबायला लागले. तरी तो कोपरांनी तिला कवटाळत राहिला.

पाच. सहा.

मी मोजत होतो. दुसरं काहीच केलं नाही मी. मला माहीत होतं किती उरलेत.

सात.

वेणी खाली पडली आणि तिच्यासोबत वहिनीही. खाली गाडी धुणाऱ्यानं पाणी बंद केलं. गाण्याच्या खोलीत टेप संपली होती आणि तिचं मोकळं टोक चाकाबरोबर फट् फट् करत फिरत होतं.

वहिनी चौथ्या दिवशी गेली. तिच्याच हॉस्पिटलमध्ये, तिच्याच मैत्रिणींच्या हातात.

पोलिसांनी आम्हाला खूप विचारलं. पण दोन्ही मनगटं मोडलेला माणूस असे फटके मारू शकत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. दुसरं कुणी घरात आल्याची खूण नव्हती. माझ्या अंगावर रक्ताचा थेंब नव्हता. मी जवळ गेलोच नव्हतो ना. फाईल अजून उघडीच आहे म्हणतात.

सामानवाल्याकडे मीच गेलो होतो. तो बिचारा घाबरला. म्हणाला, "पट्टी मी लावली नव्हती हो. माझ्याकडे आलं तेव्हा ती होतीच." यापलीकडे मला काही कळलं नाही.

आता जे सांगतोय, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

त्याच संध्याकाळी, दादा आणि वहिनी हॉस्पिटलमध्ये असताना, मी कपडे आणायला म्हणून घरी आलो. आणि स्पीकरच्या वायरी सुलट्या करून ठेवल्या. चार स्क्रू होते. दोन मिनिटं लागली.

हात बरे झाल्यावर दादानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे डावं-उजवं तपासलं. सगळं बरोबर होतं. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "माझेच कान चुकले रे. ती बाहेर निघाली होती. मी ओढून घेतलं तिला."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानं सगळं सामान विकून टाकलं. आता तो रेडिओसुद्धा लावत नाही. कुणी हाक मारली तर कुठून आली ते कळत नसल्यासारखा दोन्हीकडे बघतो. माझ्या भावाला मी असं करून ठेवलंय. टेपरेकॉर्डर आणि ती टेप तेवढी माझ्याकडे आहे. टाकून देतो म्हणून आणली होती.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"ती टेप टाकलीस का?"

"नाही अजून."

"बरं झालं. तिचं हसणं आहे त्यात. सुरुवातीचं तेवढंच ऐकेन. रविवारी येतो तीन वाजता."

माईक तर बरोबरच लावलेले होते. त्यामुळे टेपवर घड्याळ उजवीकडे वाजणार, आणि फटकेही उजवीकडे. त्याला एका क्षणात कळेल की कान चुकले नव्हते. पुसून टाकावी, तर त्यात वहिनीचं हसणं आहे. लाल बटणावर बोट ठेवून मी दोनदा बसलो, आणि दोनदा उठलो.

काल शेवटी ती टेप लावून हेडफोनवर ऐकली. भर दुपारी, सगळ्या खिडक्या उघडून.

टाळ्या आहेत. हसणं आहे. ठोका आहे. सातही फटके आहेत, उजवीकडे.

पण टेप तिथे संपत नाही...

पुढे एक दार उघडल्याचा आवाज आहे. चोरपावलं. मग स्क्रू फिरवल्याची बारीक करकर. एक, दोन, तीन, चार. आणि कुणाचा तरी घाईतला श्वास. माझा.

त्या संध्याकाळी टेप संपलेली होती. चाकं बंद होती. प्लग मी स्वतः काढला होता.

त्यानंतर बराच वेळ शांतता आहे. मग अगदी जवळून, माझ्या मागे उभा असल्यासारखा, दादाचा आवाज येतो. शांत.

"वायरी तू लावल्या होत्यास ना?"

हे तो मला अजून कधीच म्हणालेला नाही.

त्याच्यानंतर धप्प असा एक आवाज आहे.

तिथे मी टेप बंद केली. पुढे अजून बरीच टेप शिल्लक आहे. किती फटके आहेत ते मोजायची माझी हिंमत झाली नाही.

आज शनिवार आहे.