आधी गॉगल काढ

"पोरी, माझा प्रणित घरात पन काला चष्मा लावाय लागला ना, का समज — तो कायतरी लपवते."

सोनाबाई, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई, हे मला साखरपुड्याच्या दिवशी म्हणाल्या. करंजा गावातल्या त्यांच्या ओट्यावर, समोर वाळत घातलेल्या सुकटीच्या वासात, माझी ओटी भरता भरता. मी हसले. मला वाटलं, आई लेकाच्या फॅशनची तक्रार करताहेत. निघताना मी ते प्रणितच्या कानात सांगितलंसुद्धा. त्यानं गॉगल नाकावर नीट बसवला.

"लपवतोच. डोळे. नाहीतर पोरी मागे लागतात."

मी त्यावरही हसले. आज आठवलं की कुणावर चिडू ते कळत नाही.

तशी आमची ओळखच भांडणातून झालेली. नवीन पनवेलच्या बाजारात भर दुपारी मी स्कूटीवरून चालले होते आणि कडेला उभ्या असलेल्या गाडीचं दार धाडकन उघडलं. पडले नाही एवढंच. डावा आरसा फुटून रस्ताभर झाला. मी स्कूटी लावली आणि गाडीच्या काचेवर थापा मारायला लागले. काच काळी कुळकुळीत. आत कोण बसलंय ते दिसेना. दिसत होता तो माझाच चेहरा — लाल, घामेजलेला, तोंड उघडं. स्वतःशीच भांडतेय असं वाटायला लागलं. मग काच हळूच खाली आली... आणि आत आणखी दोन काळ्या काचा. गॉगल. त्यातही मीच.

"सॉरी मॅडम. दिसला नाहीत."

"एवढ्या काळ्या काचांमागे बसल्यावर दिसणार कोण?"

"ऊन आहे ना हो—"

"आधी गॉगल काढा. मला कळू दे, मी कुणावर ओरडतेय."

मग त्यानं गॉगल काढला.

काय सांगू. काकवीच्या रंगाचे डोळे, कोपऱ्यात लालसर... आणि बघता बघता त्यांत पाणी भरलं. पापणी न हलवता तो माझ्याकडे बघत राहिला आणि पाणी गालावर उतरलं. माझा आवाज आपोआप खाली आला. मी म्हटलं, अहो, इतकं काही नाही झालं, आरशाचंच तर आहे. एवढा रुंद खांद्यांचा माणूस माझ्या ओरडण्यानं रडला, हे मी पुढे मैत्रिणींना रंगवून रंगवून सांगितलं.

तो आरसा त्यानं स्वतः आणून बसवला. मी तेव्हा जुन्या पनवेलमध्ये एका बँकेत होते. बँक सुटायच्या वेळेला हा बाहेर पाना घेऊन उभा. आरसा फिरवून फिरवून म्हणाला, बघा, मागचं दिसतंय का. मी बघितलं. आरशात मागचा रस्ता नव्हता, तोच होता. मी म्हटलं, रस्ता दिसत नाहीये. तो म्हणाला, मग बरोबर बसलाय.

वडाळे तलावाच्या काठानं आम्ही चालायला लागलो ते नेहमी दिवेलागणीनंतर. उजेड असताना तो यायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, उजेडात मी एवढा बरा दिसत नाही, अरू. मला ते फार गोड वाटायचं... अरुंधतीचं अरू त्यानंच केलं. तो बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर. वडील बुधाजी आणि त्यांच्याही वडिलांची होडी. लहानपणी सगळ्या सुट्ट्या याच्या समुद्रावर गेलेल्या. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या त्या लाल, मांसल पट्ट्याबद्दल मी विचारलं होतं. त्याच्या घरातल्या सगळ्या पुरुषांना तो होता. ऐन उमेदीत डोळ्यांत उतरायचा आणि घरी त्याला दर्याची खूण म्हणायचे, मोठ्या कौतुकानं. जो पाण्यावर गेला त्यालाच ती मिळते. कुणी दाखवून घ्यायचं नाही. मिशी आली म्हणून कुणी डॉक्टरकडे जातं का, असं प्रणित म्हणायचा.

आणि मी, शिकलेली, पेपरातला आरोग्याचा कॉलम कापून ठेवणारी बाई, हे ऐकून घेतलं. खूण! मला त्याचा अभिमानही वाटायचा.

लग्न झालं, सुकापूरला घर घेतलं, सई झाली. सई झाल्यापासून मी जरा जास्तच बघणारी झालेय, हे मला मान्य आहे. गॅलरीची जाळी, गॅसचा नॉब, तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा आला की खिडक्या. सगळं बघायचे. फक्त नवऱ्याच्या तोंडावर काय चढतंय ते बघितलं नाही. गॉगल आधी दुपारी होता. मग सकाळी. मग संध्याकाळी यार्डातून परत येतानाही. गाडीच्या काचांवरची काळी फिल्म पोलिसांनी एकदा काढायला लावली, तर यानं आठवड्याच्या आत पुन्हा चिकटवून आणली. मी चिडले तर म्हणाला, सईच्या अंगावर ऊन येतं ना. आईला गप्प कसं करायचं, हे त्याला बरोबर ठाऊक.

आणि एकदा तो गॉगल लावून जेवायला बसला. ट्यूबलाइट टोचते म्हणाला. सासूबाईंचं वाक्य माझ्या डोक्यात लखकन चमकून गेलं... पण सईनं तेवढ्यात वरणाची वाटी उपडी केली आणि मी फडकं आणायला उठले.

त्यानंतरच्याच एका संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढत होते. खाली पार्किंगमध्ये पोरं खेळत होती. आमच्या सईचा एक ठरलेला खेळ होता. बाबाची गाडी गेटातून आत आली की धावत समोर जायचं, बाबा गाडी थांबवणार, दार उघडणार, तिला शेजारी बसवून पार्किंगपर्यंत आणणार. रोजचं. सूर्य बुडाला होता, दिवे लागायचे होते, सगळं राखाडी झालं होतं. गाडी आली. सई धावली.

गाडी थांबली नाही.

वॉचमन आनंदाकाकांनी पुढे झेप घेऊन बॉनेटवर दोन्ही हात आपटले. तेव्हा कुठे ब्रेक लागला. सईचा फ्रॉक बंपरला टेकला होता. ती हसत होती, तिला खेळच वाटला. काळी काच खाली झाली आणि माझा नवरा, गॉगल लावून, आनंदाकाकांना म्हणाला,

"काय झालं, काका?"

काय झालं, विचारलं त्यानं. त्याला ठाऊकच नव्हतं.

मी जिना कशी उतरले आठवत नाही. सईला उचललं, वर आणलं, शेजारच्या कीर्तीताईंकडे दिलं. तो मागोमाग वर आला. डोळ्यांवर ऊन आलं म्हणाला. मी म्हटलं, ऊन मावळलंय प्रणित. मग म्हणाला, पोरीला जरा शिस्त लाव, गाडीसमोर धावतात का... तिथं माझं डोकं फिरलं. मी सांगून टाकलं — उद्या सईला घेऊन पुण्याला बाबांकडे जातेय, आणि तू चालवत असलेल्या गाडीत माझी मुलगी पुन्हा बसणार नाही.

त्यानं गॉगल नाकावर घट्ट बसवला. गॉगलमागे काय चाललंय ते मला कधी दिसत होतं?

मी हेअर ड्रायर घेतला. स्वयंपाकघरातून उलथनं घेतलं. खाली गेले, आनंदाकाकांच्या केबिनमधून वायर ओढली आणि गाडीच्या काचेवर गरम हवा सोडली. फिल्मचा कोपरा सुटला की उलथन्यानं उचलायचा, ओढायचा. चर्र आवाज व्हायचा. बरं वाटत होतं. सोसायटीतल्या बायका गॅलऱ्यांमधून बघत होत्या. बघू देत.

"अरू... लोक बघताहेत." तो मागे येऊन उभा राहिला होता.

"बघू देत. त्यांना दिसतं."

मग त्यानं सुटलेल्या फिल्मचं दुसरं टोक धरलं.

"अजून गरम कर. फाटतंय बघ."

"तू शिकवू नकोस."

"शिकवत नाही. ओढतोय."

मी हवा सोडत होते, तो ओढत होता. ती काळी साल आमच्या दोघांमध्ये लांबत गेली आणि सुटून खाली पडली. गाडीच्या आतली सईची छोटी खुर्ची पहिल्यांदा बाहेरून दिसली. त्याची मान खाली गेली. मी ड्रायर बंद केला.

"आधी गॉगल काढ," मी म्हटलं.

त्याला आठवलं असणार. ओठाचा कोपरा हलला. त्यानं गॉगल काढला आणि मी त्याची हनुवटी धरून चेहरा पार्किंगच्या ट्यूबलाइटकडे वळवला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेच पाणी. कोपऱ्यातली ती दर्याची खूण पार आत सरकली होती. पांढुरका, रक्ताच्या शिरांचा पडदा, बुबुळावर चढलेला.

"कधीपासून?"

"तुझा आरसा फुटला... त्याच्याही आधीपासून. अरू, मी दार उघडलं तेव्हा मागचं मला दिसलंच नव्हतं. उन्हात नुसता पांढरा भपका होता."

"म्हणजे तेव्हा तू रडत नव्हतास."

"नाही. ऊन सोसत नव्हतं."

"आणि मी त्यावर लग्न केलं."

तो हसला, घाबरत घाबरत. मी हसले नाही. मला खूप राग आला होता, आणि त्या रागातच त्याच्या गालावरचं पाणी माझा अंगठा पुसत होता. त्याचं मी काय करू?

मग तो बोलला. बुधाजीबाबांचाही पडदा असाच वाढला होता. एकदा गुपचूप डॉक्टरकडून कापून आले, परत वाढला. मग त्यांनी काळा चष्मा लावला आणि कुणाला काही सांगितलं नाही. एका पहाटे होडी धक्क्यावर आपटली, तेव्हा गावाला कळलं. त्यानंतर कुणी त्यांच्या हाती सुकाणू दिलं नाही. ओट्यावर बसले ते बसलेच.

"मला ओट्यावर बसायचं नव्हतं गं. आणि तू... तुला मी आवडलो तोच असा. गाडी, गॉगल. त्याच्यामागे हे असलं डोळ्यात वाढलेलं मांस तुला दाखवू?"

"प्रणित, गॉगलवाले पनवेलमध्ये गल्लोगल्ली आहेत. मी तुला गॉगल काढल्यावर बघितलं. तेव्हा पडले मी."

त्यानं मान वर केली. तोंडावर उजेड, डोळ्यांत पाणी, आणि तरी माझ्याकडे टक लावून... त्या दुपारसारखंच.

"अजून पडतेस?"

"किल्ली दे."

"अरू—"

"किल्ली. गाडी मी चालवणार. पुण्याला नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

त्यानं किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि हात तिथंच राहू दिला. वरच्या गॅलरीत कुणीतरी खाकरलं. मी हात काढला नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्याला चांगलं फैलावर घेतलं. मला फार बरं वाटलं. उन्हात गॉगल लावायलाच हवा, म्हणाल्या, तो लहानपणी होडीवर लावला असता तर ही वेळ आली नसती; पण ऊन उतरल्यावर तोच गॉगल लावून, वर काळ्या काचांच्या आड बसून गाडी चालवायची म्हणजे स्वतःच्या हातानं आंधळं होणं. एकेका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पडदा काढून तिथं डोळ्याच्याच पांढऱ्या भागावरची पातळ कातडी लावली. तशानं परत वाढायची भीती बरीच कमी. पट्टी होती तोवर त्याला मी नेलं-आणलं. शेजारी बसून तो माझ्या चालवण्यावर शेरे मारायचा. ब्रेक हळू दाब. हॉर्न वाजव. किती छान दिसतेस गिअर टाकताना. मी म्हणायचे, एका डोळ्यानं जेवढं दिसतंय तेवढंच बोल.

आता तो पुन्हा चालवतो. काचा स्वच्छ आहेत. ऊन उतरलं की मी उजवा हात पसरते आणि तो न बोलता गॉगल काढून त्यावर ठेवतो. सईला वाटतं हा आमचा खेळ आहे. ती आता गेटात धावत नाही, काकांचा हात धरून उभी राहते, आणि काचेतून दिसणाऱ्या बाबाला हात हलवते.

राग गेला का? नाही. गेल्या रविवारी करंज्याला गेलो. दिवे लागले होते आणि बुधाजीबाबा ओट्यावर काळा चष्मा लावून जाळं शिवत होते, बोटांनी चाचपत. मी समोर बसून म्हटलं, बाबा, आधी चष्मा काढा. त्यांनी मान फिरवली. आत सासूबाईंनी भांडं आदळलं. "बाप तसा लेक. मी सांगितलेला तुला." सांगितलं होतं खरं. मी पुढच्या रविवारी परत जाणार आहे, आणि त्याच्या पुढच्याही.

तुमच्याही घरी असेल कुणी. अंधारून आलं तरी गॉगल न काढणारा, विचारलं की चेष्टेवारी नेणारा, फार रुबाबदार. आज त्याची गाडी यायच्या वेळेला जरा खाली जाल? काच खाली करायला लावा, गॉगल काढायला लावा, आणि तो तुमच्याकडे बघतोय की नुसता आवाजाकडे तोंड करतोय, तेवढं बघून याल?