प्लग काढल्यानंतर

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत हे घडलं. रविवारी भर दुपारी, तिच्या ऑफिसच्या टेस्टिंग रूममध्ये. आणि ताई काही उगाच घाबरणारी बाई नव्हे.

ताईची कंपनी हार्ड डिस्कचे ड्रायव्हर बनवते. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि डिस्क यांच्यामधला निरोप्या. कॉम्प्युटर म्हणतो, 'हे लिही.' डिस्कवर लिहून झालं की ड्रायव्हर उलट सांगतो, 'झालं.'

हा ड्रायव्हर मास्तरांनी लिहिला होता. ते शाळेतले मास्तर नव्हेत. नवख्यांना हाताला धरून शिकवायचे म्हणून ऑफिसने ठेवलेलं नाव. ताईही त्यांच्याच हाताखाली तयार झाली.

साहेबांना वेग हवा होता. त्यांनी फर्मान काढलं, डिस्कवर लिहून व्हायच्या आधीच ड्रायव्हरने 'झालं' म्हणायचं, म्हणजे कॉम्प्युटर पुढच्या कामाला मोकळा.

मास्तर म्हणाले, "साहेब, मध्येच वीज गेली तर लोकांच्या फायलींची वाट लागेल."

ऐकतो कोण! बदल झाला. लोकांच्या डिस्क बिघडायला लागल्या. साहेबांनी सगळं खापर मास्तरांच्या डोक्यावर फोडलं आणि त्यांना घरी बसवलं. त्या धक्क्यातून ते सावरलेच नाहीत. थोड्याच दिवसांत गेले.

मास्तरांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, ताईकडे एवढंच मागितलं, "त्यांच्या नावाला लागलेला डाग तेवढा पूस गं."

साहेब मात्र मख्ख. "माझ्या बदलामुळे बिघडलेली फाइल डोळ्यांसमोर दाखव, मग बोलू."

दाखवणं सोपं होतं. फाइल लिहायला लावायची आणि मध्येच प्लग उपसायचा. अर्धवट राहिलेली फाइल बिघडलीच पाहिजे.

त्या रविवारी ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. ताईने फाइल लिहायला लावली. स्क्रीनवर लगेच 'झालं' आलं. धडधडीत खोटं! डिस्क अजून करकरत होती.

तिने प्लग उपसला.

स्क्रीन काळी झाली. पंखा थांबला.

आणि डिस्क...

डिस्क करकरतच राहिली.

प्लग ताईच्या हातात होता. तिने दोनदा बघून खात्री केली. करकर चालूच. मग एकदम शांत.

आणि मागून...

टक. टक.

काम मनासारखं झालं की मास्तर टेबलावर बोटाने असंच वाजवायचे.

ताईने वळून बघितलं तर कुणी नाही. फक्त मास्तरांची रिकामी खुर्ची, आणि तिची गादी... दबलेली. ताईच्या देखत ती हळूहळू वर आली.

कॉम्प्युटर सुरू केला. फाइल धडधाकट. शेवटच्या अक्षरापर्यंत.

तिने डिस्क बदलली. केबल बदलली. पुन्हा प्लग उपसला. पुन्हा तीच करकर, तीच टकटक, फाइल पूर्ण.

शेवटी ती रिकाम्या खुर्चीकडे बघून रडवेली होऊन म्हणाली, "मास्तर, हात नका लावू. अर्धंच राहू दे. तुमच्यासाठीच करतेय हो मी!"

सोमवारी साहेब चार जणांना घेऊन आले. ताईने प्लग उपसला. सगळे स्क्रीनकडे बघत होते. डिस्कचा आवाज तिच्याशिवाय कुणालाच आला नाही.

फाइल पूर्ण होती.

साहेब हसले. "माझ्या बदलात काही खोट नाही. जी होती ती त्या माणसात होती." विषय कायमचा मिटला.

बाहेर लोकांच्या डिस्क अजून बिघडताहेत. त्या खोलीत मात्र एकही नाही. हे काय आहे, ताईला आजही कळत नाही. तिने तिथे बसणं सोडलंय. घरात फ्रिज जरी करकरला तरी ती दचकते.

परवा धीर करून तिने वहिनींना सगळं सांगितलं. तिला वाटलं, त्या रडतील, नाहीतर तिला वेड्यात काढतील.

वहिनी तोंड कडू करून म्हणाल्या, "घरीही असंच. दुसऱ्याचं काम अर्धं दिसलं की यांचे हात शिवशिवायचे. मेल्यावर तरी स्वतःचं बघायचं होतं."