दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव

मावशीची दाढ दुखायला लागली म्हणून हे सगळं झालं. ती दातांच्या डॉक्टरकडे पळाली आणि जाताना तिच्या विम्याच्या ऑफिसची किल्ली माझ्या हातात कोंबून गेली. आमचं ड्रायव्हिंग स्कूल तिच्या ऑफिसला लागूनच आहे, मधे फक्त एक भिंत. त्या दुपारी माझ्याकडे शिकायला कुणी नव्हतं, बाहेर रिपरिप चालू होती, आणि मी आपली तिच्या फिरत्या खुर्चीत बसून गोल गोल फिरत होते. तेवढ्यात दार उघडलं.

ओली छत्री, हसरे डोळे आणि पुढे केलेला मोबाईल. मोबाईलवर एका गाडीचा फोटो होता. गडद हिरवी, दोनच दारांची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी... कुणी आपलं बाळ दाखवावं तसा तो फोटो त्याने माझ्यापुढे धरला आणि विचारलं, हिचा विमा किती बसेल?

विमा काही माझा प्रांत नाही. पण मावशीच्या कॉम्प्युटरवर माहिती भरली की आकडा आपोआप येतो, एवढं मला ठाऊक होतं. वय विचारलं, तेवीस. लायसन्स गेल्या वर्षीचं. गाडी कुठली ते टाकलं, बटण दाबलं आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

त्याचा चेहरा उजळला. "एवढ्यातच? गाडीचे मालक, ते डॉक्टर, तर मला याच्या दुप्पट सांगतायत."

"ही गाडीची किंमत नाही," मी म्हणाले. "हा विमा आहे. एका वर्षाचा."

तो मटकन समोरच्या खुर्चीत बसला. ओली छत्री मांडीवर, पँट भिजतेय याचंही भान नाही. मला आधी हसू आवरेना, आणि मग फारच वाईट वाटलं.

मग हळूहळू सगळं कळलं. हा थोरल्या भावाबरोबर चष्म्याचं दुकान चालवतो. ती हिरवी गाडी एका म्हाताऱ्या डॉक्टरांची. शाळेत असल्यापासून हा तिला दुकानासमोर उभी राहताना बघत आला होता. आता डॉक्टरांच्या डोळ्यांनी साथ सोडली, म्हणून ते ती विकत होते, आणि महिनाअखेरपर्यंत याच्यासाठी थांबणार होते. त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक तयारच होतं. गाडीपुरते पैसे याने जमवले होते. विमा नावाचं प्रकरण मात्र त्याच्या स्वप्नात आलंच नव्हतं.

मावशीच्या तोंडून रोज ऐकून मलाही चार गोष्टी पाठ झाल्या होत्या, त्या मी ऐकवल्या. गाडी बंद गॅरेजमध्ये ठेवा. नुकसानीतला पहिला हिस्सा स्वतः सोसायची तयारी दाखवा. कशी चालवता ते कंपनीला कळवणारं यंत्र बसवून घ्या. आणि सगळ्यात मोठी सवलत हवी असेल, तर पंचविशीच्या आतल्यांसाठी सुरक्षित ड्रायव्हिंगचा एक खास कोर्स असतो, तो पास व्हा. आमच्याच स्कूलमध्ये आहे. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो मीच शिकवते.

"तुम्ही शिकवता?" त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "मग दोनदा करतो."

"एकदा नापास झालात तर करावाच लागेल," मी म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही असं बाबा म्हणतात, ते खोटं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो यायला लागला. मी त्याला चष्मेवाला म्हणायचे, तो मला मास्तरीणबाई. खरं सांगायचं तर त्याचा हात चांगला होता. गिअर लोण्यासारखे पडायचे, घाई नाही, हॉर्नवर राग काढणं नाही. दोष एकच, आणि तो डोळ्यांत होता.

"समोर बघा."

"बघतोय की."

"समोर म्हणजे काचेतून."

"हो... ते जरा नंतर बघणार होतो."

मी रागावायचे. आणि दिवसभर बाकीच्यांना शिकवताना ते आठवून एकटीच हसायचे. मग स्वतःलाच दटावायचे, अगं, सव्वीस वर्षांची घोडी तू, तो तीन वर्षांनी लहान, आणि तीन आठवड्यांत कोर्स संपला की तो त्याच्या हिरव्या गाडीत बसून भुर्रकन जाणार. हे सगळं मला पटायचं, फक्त त्याची वेळ जवळ आली की मी केस पुन्हा विंचरायचे.

एकदा असंच बारीक पावसात गाडी कडेला उभी करून मी त्याच्या चुका सांगत होते. तो ऐकतोय असं वाटत होतं... आणि तो अचानक म्हणाला, तुमचा चष्मा डावीकडे कललाय, किती दिवस झाले मला बघवत नाही. मी काही म्हणायच्या आत त्याने तो अलगद माझ्या कानांवरून काढला. खिशातून नखाएवढा स्क्रूड्रायव्हर निघाला. चष्म्याशिवाय मला समोरचं सगळं धूसर दिसतं, तसा तोही दिसत होता — खाली वाकलेली मान, काचा पुसणारी बोटं. मग त्याने चष्मा स्वतःच माझ्या नाकावर बसवला आणि दोन्ही काड्या कानांमागे नीट सरकवल्या. त्याची बोटं गार होती. माझे कान मात्र चांगलेच तापले होते.

"आता बरोबर," तो म्हणाला.

मी म्हणाले, चला, गिअर टाका.

परीक्षा महिनाअखेरीच्या पाच दिवस आधी होती. नियम साधा आहे: शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, आणि परीक्षेत तो दाबावा लागला की उमेदवार नापास. चष्मेवाला त्या दिवशी इतका छान चालवत होता की माझ्या मनात सर्टिफिकेटवर सहीसुद्धा करून झाली होती. शेवटच्या चौकात मी समाधानाने केस कानामागे घेतले. एवढंच. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि डावीकडून एक सायकलवाली मुलगी आली.

ब्रेक मी दाबला. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. ती घाबरून आमच्याकडे बघत राहिली, मग पुढे गेली.

त्याने एकदाही गयावया केली नाही. मी नापास लिहिलं, त्याने मान हलवली आणि छत्री न उघडताच निघून गेला. मावशी माझ्यावर उखडली. अगं, पोराचं वर्षानुवर्षांचं स्वप्न, तुझी एक सही, कोण बघायला येतंय? मी म्हणाले, कुणी बघायला येत नाही म्हणून तर सही नीट करायची. उद्या ती मुलगी खरंच चाकाखाली आली तर? हे सगळं मी अगदी ताठ मानेने बोलले, आणि मग मागच्या खोलीत जुन्या टायरवर बसून मनसोक्त रडले.

दोन दिवसांनी त्याचा बाबांना फोन आला. परत परीक्षा द्यायचीय. शेजारी कुणीही बसलेलं चालेल, मास्तरीणबाई सोडून.

हे शब्द बाबांनी जसेच्या तसे मला सांगितले, आणि मला असं वाटलं की कुणीतरी मला गाडीतून खाली उतरवलंय. म्हणजे माझ्यावर एवढा राग? असू दे. माझंही काही अडलेलं नाही. बाबा काठी टेकत त्याच्या शेजारी जाऊन बसले, आणि तासाभराने हसत परत आले. "पोरगं सोन्यासारखं चालवतं. तुझ्या वेळी काय झालं होतं गं त्याला?"

मी तोंड फिरवून खिडकी पुसत बसले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मावशीने हाक मारली. गेले तर तो तिच्यासमोर बसलेला. मला बघून उठून उभा राहिला, परत बसला, पुन्हा उठला. मावशी म्हणाली, सवलत मिळाली, पण विमा अजून याच्या आवाक्याबाहेर आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे याला कुणी शिकवलेलं दिसत नाही. आता एकच वाट उरलीय. पंचविशीच्या पुढचा, एकही अपघात नावावर नसलेला दुसरा ड्रायव्हर घातला की रक्कम याच्या आवाक्यात बसते. डॉक्टर संध्याकाळपर्यंत थांबतील. याच्या भावाला गाडी येत नाही. याने तुझं नाव दिलंय.

माझं डोकंच फिरलं. "शेजारी बसलेली चालत नाही, नाव मात्र चालतं? आणि नाव घातलं म्हणजे ती गाडी मला खरोखर चालवावी लागेल. नुसतं सवलतीपुरतं नाव द्यायला मी खोट्यावर सही करत नाही."

"माहितीये," तो म्हणाला. "म्हणून तर तुमचं दिलं."

"म्हणजे?"

"तुम्ही शेजारी असलात की मला रस्ता दिसत नाही. त्या मुलीला काही झालं असतं, तर मी..." तो थांबला. "म्हणून परीक्षा तुमच्याशिवाय दिली. रोज दुकानात जाता-येताना मी चालवीन, नीट चालवीन. पण तुम्ही गाडीत असाल तेव्हा तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो. मग मी कुठेही बघत बसलो तरी कुणाला धोका नाही." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. गाडी मिळाली नाही तरी आवडणारच आहात."

माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही.

"मी तीन वर्षांनी मोठी आहे," मी कशीबशी म्हणाले.

"विम्याच्या दृष्टीने तोच तर फायदा आहे."

मावशीला ठसका लागला. मग तिने डोळे कॉम्प्युटरवर लावून अतिशय कोरड्या आवाजात विचारलं, "दुसऱ्या ड्रायव्हरचं गाडीमालकाशी नातं काय लिहू? हा रकाना रिकामा सोडता येत नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"तूर्त मैत्रीण लिही," मी म्हणाले, आणि पेन उचलून सही केली. "विमा दरवर्षी नवीन करायचा असतो ना? पुढच्या वर्षी आम्ही दोघंही येऊ, हा रकाना बदलायला."

संध्याकाळी डॉक्टरांच्या दारातून गाडी बाहेर काढली ती मी. सीट पुढे घेतली, आरसे माझ्या उंचीला लावले. "पट्टा लाव," मी त्याला म्हणाले.

"लाव? तुम्ही मला लाव म्हणालात?"

"तूही म्हण," मी म्हणाले.

त्याने पट्टा लावला, माझ्याकडे वळून निवांत बसला आणि बघायला लागला. घर तसं जवळच होतं, पण मी गाडी लांबच्या रस्त्याने घेतली.